दाजींची डावी बाजू

मी न ऐकता ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. चूक एवढीच.

म्हणताना माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं, पोटात भूक होती, आणि ठिकाण होतं श्रीलंकेतल्या एका लॉजचं अंगण. समोर भाड्याची मोटरसायकल उभी, तिच्यापुढे नारळ, आणि नारळापुढे हात जोडून दाजी कुडतरकर देवाशी मालवणीत बोलत होते. कोकणात याला गाऱ्हाणं म्हणतात. कुठल्याही कामाआधी एकजण देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, आणि त्याच्या दर वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे, देवा, हा बोलतोय ते आम्हालाही कबूल आहे. त्या दिवशी जमलेल्यांत मी एकटाच होतो. मी पडलो गिरगावच्या फणसवाडीतला. मालवणी मला अर्धी कळते, उरलेली अर्धी मी मान हलवून भागवतो. वाक्य संपताना दाजींचा आवाज जरासा वर चढायचा. तो चढला की टोला हाणायचा, एवढं मला सवयीनं जमत होतं. त्या सकाळी असे बरेच टोले मी हाणले. त्यातल्या एकानं मी काय पत्करलं, ते मला पुढे डोंगरात कळलं.

दाजींचं परळला मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे चाळीच्या जिन्याखाली एक टेबल, टेबलावर रवळनाथाची तसबीर, बाहेर रस्त्यावर दोन दमलेल्या गाड्या आणि दाजी. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, तिथं टॉवर आला, आणि टॉवरमधल्या माणसांना गाडी शिकवायला दाजी त्याच फाटकातून आत जायला लागले. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. फक्त फाटकातून बाहेर पडताना एक लांबलचक हॉर्न द्यायचे.

“दाजी, समोर कोणी नाहीये,” मी एकदा म्हटलं.

“गिरणीचो भोंगो झालो,” दाजी म्हणाले आणि मला पहिला गिअर टाकायला लावला.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि गाडीच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झालो होतो की तिथला शिपाई मला घरची खुशाली विचारायचा. पहिल्याच दिवशी दाजींनी गाडीच्या बॉनेटवर नारळ ठेवला. फुटपाथवर इतर शिकाऊ उभे होते, वडापाववाला होता, इस्त्रीवाला होता. दाजींनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो गिरगावचो लेकरू तुझ्या दारात इलो आसा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा फुटपाथ.

“ह्याची बायल झकास गाडी चालवता, ह्याका येणा नाय, म्हणान ह्याका लाज वाटता!”

“व्हय म्हाराजा!” वडापाववाल्यानं तर झारा वर केला.

“भित्रो आसा, पण मनान वायट नाय. ब्रेक खंयचो नि क्लच खंयचो, एवढा तरी ह्याका समजव रे म्हाराजा!”

बायकोची गोष्ट मी त्यांना आदल्या दिवशी खासगीत सांगितली होती. नारळ फुटल्यावर मी तक्रार केली. दाजींनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “गाऱ्हाण्यात अर्धा सांगूचा नसता, गिरगावकर. अर्धा सांगलंस तर देवय अर्धोच बघता.”

शेवटी त्यांनी मला पास करवलं, गाडीत आणि मोटरसायकलवरही, पण कधी नावानं हाक मारली नाही. मी गिरगावकर. कोणी वरळीकर, कोणी माझगाववाली. आणि सगळ्यांना पहिला धडा एकच: “गाडी हातान नाय, मानेन चालवूची. आरसो खोटा बोलता. मान फिरव, मगे गाडी फिरव.” शिकवताना ते बाजूच्या सीटवर बसून स्वतः मान फिरवत राहायचे, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, कणसाच्या शेतात सोडलेल्या कोंबड्यासारखे. त्यांचे जुने शिष्य परळ-लालबागमध्ये ओळखू यायचे ते मानेवरून. मीसुद्धा नकला करायचो. दाजी नसताना जिन्याखाली उभा राहून मान फिरवायचो, आणि मुलं हसायची. दाजींची मुलगी तेजू मात्र हसायची नाही. ती स्कूलची दुसरी गाडी चालवायची, आणि माझी नक्कल सुरू झाली की गाडी पुसायला निघून जायची. मला वाटायचं, पोरीला विनोदबुद्धी कमी.

हळूहळू दाजींची मान जास्तच फिरायला लागली. पूर्वी वळणावर फिरायची, आता सरळ रस्त्यावरही. मग एक दिवस लालबागच्या मिरचीच्या दुकानांपुढून मोटरसायकलवर जाताना त्यांनी डाव्या हाताला रचलेली पोती उडवली. लाल मिरच्या रस्त्याभर झाल्या, आणि येणारी-जाणारी माणसं दाजींना शिव्या देता देता शिंकत होती. “पोती रस्त्यात व्हती,” दाजी म्हणाले. पोती फुटपाथवर होती, भिंतीला टेकून. तेजूनं ती पाहिली आणि संध्याकाळी बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

काचबिंदू निघाला. तो कडेनं खात येतो. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय, आणि बाजूचं जग मात्र गुपचूप नाहीसं होतं. दाजींची डावी बाजू बरीच गेली होती. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. हे दाजींना ठाऊक होतं, तेजूला ठाऊक होतं, आणि बाहेर कुणालाही सांगायचं नाही असं दाजींनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आंधळ्या मास्तरकडे गाडी शिकायला कोण येणार? तेजूनं मोटरसायकलची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. दाजी दिवसभर जिन्याखाली बसून राहायचे आणि कोणी बोललं की उशिरा उत्तर द्यायचे. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हातारे झाले.

एका दुपारी त्यांनी मला खुर्ची पुढे सरकवली.

“गिरगावकर, जन्मभर गाडी शिकवलंय. शिकवताना गाडी दुसऱ्या गिअराच्या वर कधी जाता? परळ नाका ते भायखळा, सगळो जन्म सेकंडात गेलो. एकदा टॉपात टाकून दुसऱ्याचो मुलूख बघूचो आसा.”

“कुठला मुलूख?”

“श्रीलंका. थंयसर लोक आपल्यासारखे डाव्या अंगान जातत. तू चल.”

माझा एक गुण आहे. कोणी ‘तू चल’ म्हटलं की मी पिशवी शोधायला लागतो. बायको म्हणाली, “दोघं मिळून एक मोटरसायकल? तुमच्या दोघांत मिळून एक धड ड्रायव्हर आहे, आणि तो तुम्ही नव्हे.” निघायच्या आधी तेजू मला जिन्यापाशी बाजूला घेऊन म्हणाली, “काका, गाडी तुम्ही चालवायची. बाबा मागे बसणार. शब्द द्या.”

“दिला,” मी म्हणालो. कशासाठी, हे विचारलं नाही. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

तर आता ते अंगण. विमानतळाजवळचं नेगोंबो गाव, समुद्राची खारी हवा. दाजींनी आदल्या संध्याकाळी गाऱ्हाण्यासाठी नारळ म्हणून तिथलं केशरी शहाळं आणलं होतं. गाऱ्हाणं झालं, मी माझे टोले दिले, आणि दाजींनी ते शहाळं दगडावर आपटलं. ते फुटलं नाही, नुसतं चेमटलं. परत आपटलं. लॉजची मालकीणबाई धावत कोयता घेऊन आली, तिनं वरचा भाग उडवला आणि दाजींच्या हातात नळी दिली. देवाचा नारळ दाजींनी नळीनं प्यायला. नाश्त्याला तिनं तांदळाच्या पिठाच्या शेवयांच्या चकत्या आणि नारळाच्या दुधाचा रस्सा वाढला. दाजी ताटाकडे बघत राहिले.

“शिरवाळे,” ते म्हणाले. त्यांच्या गावीही घरोघरी हेच करतात. “मेल्या, पासपोर्ट काढून, विमानात बसान, शेवटी आयशीच्याच रांधपात इलंय.”

त्यांना असं हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होतो.

शब्द दिल्याप्रमाणे गाडी मी चालवायला घेतली. किनाऱ्यानं जाताना वाळूवर बायकांनी चटया टाकून मासळी सुकत घातली होती, मैलभर तरी असेल. मी ती दुरून पाहिली, मान फिरवून नीट पाहिली, आणि नेमका त्यातच गेलो. गाडी आडवी, मी आडवा, खिशात सुकी मासळी. बायका सिंहलीतून ओरडत होत्या, दाजी मालवणीतून माफी मागत होते आणि मधेच मासळीचा भाव विचारत होते. दोन्ही बाजूंना सगळं कळत होतं. मासळी परत मांडून झाल्यावर दाजींनी हात पुढे केला.

“चावी.”

“तेजूला शब्द...”

“तेजूक खंय दिसता?”

मी चावी दिली. सांगायला लाज वाटते, पण मला बरंच वाटलं.

नंतरचे दिवस दाजींचे होते. किनारा सोडून आम्ही आत वळलो, नारळ मागे पडले, रस्ता चढायला लागला, चहाचे मळे आले. मोकळा सरळ तुकडा दिसला की दाजींची पाठ ताठ व्हायची, डावा पाय गिअर टाकायचा, आणि ते वाऱ्यात ओरडायचे, “टॉप!” जणू मला नव्हे, परळच्या साऱ्या सिग्नलांना सांगताहेत. संध्याकाळी लॉजवर उतरल्यावर ते गाडीभोवती फिरून तिला हात लावायचे. मीही खूश होतो. फोटो काढत होतो, ते घरी पाठवत होतो, आणि फोटोत दाजी पुढे दिसू नयेत एवढी काळजी घेत होतो.

पण मागे बसलेल्या माणसाला पुढच्याची मान दिसते. आणि ती सारखी डावीकडे जात होती. वळणावर, सरळ रस्त्यावर, चढावर. एकदा डावीकडून कुत्रा आला तो माझ्या बुटाला घासून गेला. “दाजी, कुत्रा!” “बघलंय,” दाजी म्हणाले. पुढे एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन. “दाजी, डावीकडे बाई!” “बघलंय रे.” मी ओरडेपर्यंत गाडीची दिशा बदलत नव्हती, आणि मी ओरडलो की लगेच बदलत होती. हे मला दिसत होतं. दिसलेलं कळायला मला मुळातच वेळ लागतो, आणि कळायला नको असेल तर जास्तच. मग माझं ओरडणं सवयीचं झालं. डावीकडे टेम्पो. डावीकडे गाय. डावीकडे साहेब कोणीतरी. दाजी प्रत्येक वेळी ‘बघलंय’ म्हणायचे, आणि एकदा तर मी काहीच न म्हणता नुसता खोकलो, तरी म्हणाले.

मग ती दुपार. शाळा सुटली होती. पांढऱ्या गणवेशातली मुलं रस्त्याच्या कडेनं उतारावरून चालली होती. मी त्या वेळी उजवीकडच्या धबधब्याचा फोटो काढत होतो.

डावीकडे काहीतरी खटकन वाजलं. हँडल किंचित हललं. मी मागे वळून पाहिलं तर एक मुलगी रस्त्याकडेच्या गटारात उभी होती, घोट्यापर्यंत पाण्यात, आणि तिची छत्री रस्त्यावर उलटी होऊन गोल गोल फिरत होती. मुलगी रडत नव्हती. ती नुसती आमच्याकडे बघत होती.

दाजी गुणगुणत होते.

त्यांना काही झालंय हेच माहीत नव्हतं. ते आमच्याकडचं भजन गुणगुणत, टॉपात, पुढचं वळण घेत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात मारला.

“दाजी, थांबा.”

एरवी दाजी अगदी सावकाश ब्रेक लावायचे. या वेळी गाडी अशी थांबली की माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं.

“काय झाला?”

“मुलगी होती.”

“खंय?”

“डावीकडे. तिची छत्री गेली. ती गटारात पडली. उभी आहे, ठीक आहे बहुतेक, पण दाजी, तुम्ही तिला...”

दाजींनी मान डावीकडे फिरवली. पूर्ण, खांद्यापलीकडे. मग ते उतरले आणि चालत मागे गेले. मी गाडी धरून मागोमाग. मुलगी गटारातून वर आली होती, मैत्रिणी तिचा बूट पुसत होत्या. तिच्या कोपराला खरचटलं होतं, एवढंच. दाजींनी छत्री उचलली. एक काडी वाकली होती. ती सरळ करायला त्यांनी बोटं लावली, पण काडी मोडली. ते मोडकी छत्री हातात घेऊन उभे राहिले. मुलीनं ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली, काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या उतारावरून निघून गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत दाजी तिथंच.

मग कठड्यावर बसले, गाडीची चावी काढून माझ्यापुढे धरली.

“सांगलंस एकदाचा.”

“काय सांगितलं?”

“थांबा म्हणान. गाऱ्हाण्यात ठरला नाय काय तसा? तू देवासमोर व्हय म्हटलंस.”

“मी?”

“मी म्हटलंय, बा म्हाराजा, माझी डावी बाजू गेली हा, दाक्तरान गाडी बंद केल्यान हा, पण मन सोडणा नाय. ह्यो गिरगावकर माझो डावो डोळो व्हतलो. ज्या दिसा ह्यो ‘दाजी, थांबा’ म्हणात, त्या दिसापासून मी हँडलाक हात लावचंय नाय. जन्मात. नि तू म्हटलंस, व्हय म्हाराजा. कसो खणखणीत!”

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या खणखणीत क्षणी मी वायफायचा पासवर्ड टाकत होतो, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. दाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना ते न सांगताच कळलं.

“आयकलंसच नाय,” ते म्हणाले.

“नाही.”

एक बस दणदणत गेली.

“डॉक्टरांनी सांगितलं, तेजूनं सांगितलं, तेव्हा ऐकलं नाहीत,” मी म्हणालो. “मग हे मला कशाला?”

“चेडवाचा आयकान गाडी सोडूची, तर जीव जाता रे. तिका मीच शिकवलंय. म्हणान देवाक मधी घातलंय. नि माणूस भित्रो बघलंय. धीट माणूस उशिरा सांगता.” ते मळ्याकडे बघत होते. “पण तूय उशिराच सांगलंस.”

छत्रीऐवजी ती मुलगी असती तर, हा विचार मी पूर्ण करत नाही, अर्ध्यावर सोडतो.

पुढचा सगळा प्रवास मी गाडी चालवली. डोंगर उतरलो, किनारा आला. दाजी मागे. माझा गिअर चुकला की त्यांचा गुडघा माझ्या मांडीला लागायचा, एवढंच. एका लांब सरळ रस्त्यावर मात्र मागून आवाज आला, “गिरगावकर, ह्या गाडीत चौथो गिअर आसा, पाचवोय आसा. बघून ठेव, कधीतरी लागतलो.” मी हसलो. त्यांना हसू आलं का, हे मागे वळून पाहायची माझ्यात हिंमत नव्हती.

मुंबईत विमानतळावर तेजू घ्यायला आली होती. तिनं आधी बापाचा चेहरा पाहिला, मग माझा.

“कोणी चालवली?”

“मीच,” मी म्हणालो.

“पयली मी. मगे ह्यान,” दाजी म्हणाले. गाऱ्हाण्याबाहेरही त्यांना अर्धं सांगता येत नव्हतं. तेजूनं माझ्या हातातली बॅग घेतली नाही. बापाची घेतली.

त्या दिवसापासून दाजींनी हँडलला हात लावला नाही. मोटरसायकलची चावी तेजूनं तांदळाच्या डब्यातून काढून टेबलाच्या खिळ्याला टांगली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ती तिथंच राहिली. डोळ्यांत थेंब घालत दाजी जिन्याखाली बसायचे, नवीन शिकाऊ आला की गाऱ्हाणं घालायचे, आणि माझ्याकडे बघण्यासाठी आता मान दोन्ही बाजूंना फिरवायचे. मी त्यांची नक्कल करणं सोडलं होतं. एकदा त्यांनीच विचारलं, “करणंस नाय आताशा?” म्हणजे त्यांना तेही ठाऊक होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनंतरच्या एका दसऱ्याला. दसऱ्याला दाजींचे जुने शिष्य आपापल्या गाड्या जिन्यापुढे पूजेला आणतात. मीही नेली. दाजींना तेव्हा नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं थोडंसंच दिसायचं. तेजू त्यांचा हात धरून एकेका गाडीपाशी नेत होती, आणि ते झेंडूचा हार घालण्याआधी बॉनेटवरून, दारावरून हात फिरवत होते. माझ्या गाडीपाशी आले. हात डाव्या दारावर गेला आणि तिथं थांबला. आदल्याच आठवड्यात गिरगावात एका खांबानं मला घासलं होतं. खांब जागेवरच होता, हे मी मान्य करतो. दाजींची बोटं तो पोचा मापत राहिली, वरून खाली, परत वर. मग हार घातला.

मग सगळ्यांच्या मध्ये उभे राहून त्यांनी हात जोडले. आवाज खोल गेला होता, पण लय तीच. एकेकाच्या वस्तीचं नाव घेतलं, एकेकाची अडचण देवाला सांगितली. कोणाची नोकरी, कोणाची सून, कोणाचं हप्त्यावर घेतलेलं घर. फुटपाथ ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. मी म्हणत नव्हतो. मोबाइल गाडीत ठेवून आलो होतो, आणि प्रत्येक शब्द संपेपर्यंत ऐकत होतो.

“बा देवा म्हाराजा, ह्या गिरगावकरान माका थांबवल्यान. उशिरा थांबवल्यान, पण थांबवल्यान. तेच्या डोळ्यांचा उजेड शेवटपर्यंत राख रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी तोंड उघडणार, एवढ्यात दाजींचा आवाज परत चढला.

“पण म्हाराजा, दोनय डोळे धड असान खांबाक ठोकणारो ह्यो एकटोच! ह्याका गाडी येणा नाय, नि ह्या जन्मात येवची नाय!”

“व्हय म्हाराजा!” तेजू सगळ्यांच्या वर ओरडली.